डबीवरचा आकडा कोलीनचा नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोलीन हे अंडी, सोयाबीन, दूध अशा अन्नातून मिळणारे एक पोषकद्रव्य. ‘मेंदूसाठी कोलीन’ असे सांगणाऱ्या गोळ्या, कॅप्सूल आणि पावडरींबद्दलचा मजकूर आरोग्य पुरवण्यांत हल्ली वरचेवर येतो. सिटिकोलीन, अल्फा-जीपीसी, कोलीन बायटार्टरेट, लेसिथिन अशी नावे त्यात एका ओळीत बसवलेली असतात, जणू एकाच मालाचे हे चार ब्रँड आहेत. वाचक दुकानात जातो, एका डबीवर 500 मिग्रॅ आणि दुसरीवर 300 मिग्रॅ वाचतो आणि पहिली जास्त ताकदीची समजून घेऊन येतो. हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. औषधनिर्माणशास्त्र आणि आहारशास्त्र या दोन बाजूंनी या विषयात काम करणाऱ्या आम्हा काही जणांचे म्हणणे थोडक्यात असे आहे: डबीवर संयुगाचे वजन छापले जाते, त्याशेजारी त्यातल्या कोलीनचे वजनही ठळक छापले गेले पाहिजे, आणि ते छापले जात नाही तोवर वृत्तपत्रांनी तरी ते वाचकाला काढून दाखवावे.

कोलीन हा लहानसा, विद्युतभारित रेणू आहे. तो एकटा विकता येत नाही, कुठल्यातरी जोडीदाराशी बांधावा लागतो. आणि काट्यावर जोडीदारही चढतो. कोलीन बायटार्टरेटमध्ये वजनाने सुमारे 41 टक्के कोलीन असते, म्हणजे 500 मिग्रॅच्या गोळीत 205 मिग्रॅ. कोलीन क्लोराइडमध्ये हे प्रमाण जवळजवळ 75 टक्के आहे. अल्फा-जीपीसीत सुमारे 40 टक्के. सिटिकोलीनमध्ये 21 टक्क्यांच्या आसपास, म्हणून 500 मिग्रॅच्या गोळीतून जेमतेम 105 मिग्रॅ कोलीन मिळते. फॉस्फॅटिडिलकोलीन म्हणजे पेशीपटलांत असणारा, कोलीन जोडलेला स्निग्ध पदार्थ; तो शुद्ध असला तर त्यात 13 टक्के. आणि लेसिथिन म्हणजे शुद्ध फॉस्फॅटिडिलकोलीन नव्हे. सोयाबीनपासून काढलेल्या नेहमीच्या लेसिथिनमध्ये ते साधारण पाव हिश्शाच्या आतबाहेर असते, बाकी इतर फॉस्फोलिपिडे आणि तेल. तेव्हा 1200 मिग्रॅची लेसिथिनची टपोरी कॅप्सूल गिळली, तरी पदरात पडते 35 ते 40 मिग्रॅ कोलीन. उकडलेल्या एका मोठ्या अंड्यात सुमारे 147 मिग्रॅ असते. म्हणजे चार कॅप्सूल आणि एक अंडे यांची बरोबरी होते.

अल्फा-जीपीसीच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. हा पदार्थ हवेतली ओल इतकी ओढून घेतो की उघडा ठेवला तर त्याचा चिकट पाक होतो. म्हणून पावडर आणि कॅप्सूलसाठी तो बऱ्याचदा सिलिकासारख्या वाहक पदार्थावर बसवून 50 टक्के प्रतीचा वापरतात. लेबलवर ‘अल्फा-जीपीसी (50%) 300 मिग्रॅ’ असे असेल, तर प्रत्यक्ष अल्फा-जीपीसी 150 मिग्रॅ आणि कोलीन फक्त 60 मिग्रॅ. कंसातला तो आकडा बारीक टाइपात असतो किंवा मागच्या बाजूला गेलेला असतो. सिटिकोलीनच्या गोळीवर कधी ‘सिटिकोलीन सोडियम 522.5 मिग्रॅ’ असा विचित्र आकडा दिसतो. तिथे मात्र फसवणूक नाही, सोडियम क्षाराचे तेवढे वजन म्हणजे बरोबर 500 मिग्रॅ सिटिकोलीन. उलट हे प्रामाणिक लेबल म्हणायला हवे, कारण क्षार आणि मूळ पदार्थ असे दोन्ही आकडे तिथे दिलेले असतात. चार-पाच घटक एकत्र करून ‘विशेष मिश्रण 850 मिग्रॅ’ एवढीच बेरीज छापलेली डबी मात्र सरळ परत ठेवावी. तिच्यात कोलीन किती हे कुठल्याच गणिताने काढता येत नाही.

आता ‘रोजची गरज 550 मिग्रॅ’ या आकड्याकडे. जाहिरातीत तो मेंदूच्या चित्राखाली छापतात, म्हणून तो कुठून आला ते सांगणे भाग आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1998 मध्ये कोलीनला आवश्यक पोषकद्रव्याचा दर्जा दिला आणि प्रौढ पुरुषांसाठी 550, स्त्रियांसाठी 425, गर्भवतींसाठी 450 आणि स्तनदा मातांसाठी 550 मिग्रॅ अशी ‘पुरेशी मात्रा’ ठरवली. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये प्रौढांसाठी 400, गर्भवतींसाठी 480 आणि स्तनदा मातांसाठी 520 मिग्रॅ धरले. अमेरिकी आकडा ठरवताना पाहिले गेले ते यकृत. आहारातले कोलीन बंद केले की यकृतातली चरबी बाहेर वाहून नेणारे कण नीट तयार होत नाहीत, चरबी तिथेच साचते आणि यकृताला इजा झाल्याची खूण असलेले एएलटी हे विकर (एन्झाइम) रक्तात वाढते. ते वाढू नये एवढे कोलीन म्हणजे 550. स्मरणशक्तीची कसोटी त्या आकड्यामागे नाही. युरोपीय संघाने लेबलवर छापायला परवानगी दिलेले कोलीनचे दावेही तीनच आहेत: होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचा चयापचय, चरबीचा चयापचय आणि यकृताचे नेहमीचे काम. त्यांत मेंदूचा उल्लेख नाही.

कमतरता झाली तर काय होते हे मुद्दाम तपासलेले आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांना दिवसाला 50 मिग्रॅहून कमी कोलीनच्या आहारावर जास्तीत जास्त 42 दिवस ठेवले. पुरुषांपैकी 77 टक्के, पाळी थांबलेल्या स्त्रियांपैकी 80 टक्के आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांपैकी 44 टक्के जणांच्या यकृतात किंवा स्नायूंत बिघाड दिसला. कोलीन पुन्हा सुरू केल्यावर तो निवळला. पाळी चालू असताना स्त्रियांचा बचाव का होतो, त्याचे कारण मोठे सुरेख आहे. यकृत स्वतः थोडे फॉस्फॅटिडिलकोलीन बनवू शकते. ते बनवणाऱ्या पीईएमटी या विकराचे जनुक इस्ट्रोजेनमुळे जागे होते. पाळी थांबली की हा घरचा पुरवठा रोडावतो. काही जणींत जनुकातल्या छोट्या फरकामुळे तो आधीपासूनच तोकडा असतो. म्हणजे पन्नाशी-साठीतल्या स्त्रियांनी आहारातल्या कोलीनकडे लक्ष द्यावे या सल्ल्याला आधार आहे. पण तो आधार यकृताचा आणि स्नायूंचा आहे, चष्मा कुठे ठेवला ते आठवण्याचा नाही.

रक्तातले कोलीन तपासून कमतरता शोधावी, असेही सुचवले जाते. त्या तपासणीत पैसे घालू नयेत. निरोगी प्रौढाच्या रक्तद्रवात ते लिटरमागे 7 ते 20 मायक्रोमोल एवढे असते आणि आठवडाभर अन्न घेतले नाही तरी नेहमीच्या निम्म्याखाली सहसा उतरत नाही, कारण शरीर पेशीपटलांतले फॉस्फॅटिडिलकोलीन मोडून ते भरून काढते. साठा रिकामा होत असतानाही अहवाल ठीकच दिसू शकतो.

मग मेंदूचे काय? ॲसिटिलकोलीन हा चेतापेशींमधला निरोप्या. लक्ष आणि स्मृती दोन्हींत त्याचे काम मोठे, आणि तो कोलीनपासूनच बनतो. इथवर जाहिरात खरी आहे. ‘म्हणून कोलीन वाढवा, ॲसिटिलकोलीन वाढेल’ ही पुढची उडी चुकीची. रक्तातले कोलीन मेंदूत शिरते ते ठरावीक वाहक प्रथिनांवरून, आणि या वाहकांची क्षमता मर्यादित असते. रक्त-मेंदू अडसरावरचा असा एक वाहक, एफएलव्हीसीआर2, 2024 मध्ये ओळखला गेला. आत पोचल्यावर चेतातंतूच्या टोकाशी आणखी एक दार आहे, कोलीन ओढून घेणारा सीएचटी1 हा वाहक. ॲसिटिलकोलीन किती वेगाने बनेल हे मुख्यतः या दारावर ठरते. बाहेर कितीही गर्दी करा, दार तेवढेच उघडते. चेतापेशी एरवीच्या गतीने काम करत असतील तर जादा कोलीनने फारसा फरक पडत नाही. त्या अतिशय वेगाने सलग धडधडत असतील तेव्हा थोडा पडू शकतो, असे प्राण्यांवरचे प्रयोग सांगतात.

अल्झायमरच्या बाबतीत तर ही कल्पना फार पूर्वीच कसाला लागली. 1976 मध्ये अल्झायमरग्रस्त मेंदूंत ॲसिटिलकोलीन बनवणारे विकर खूप घटल्याचे दिसले. ते कळताच लेसिथिन आणि कोलीन देण्याच्या चाचण्यांची रांग लागली, कारण पार्किन्सनमध्ये डोपामिनचा कच्चा माल, लेव्होडोपा, देऊन गुण आलेला सर्वांनी पाहिला होता. इथे तसे झाले नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा लेसिथिनवरचा आढावा अल्झायमरमध्ये लेसिथिन वापरायला आधार नाही याच निष्कर्षावर आला. कच्चा माल कमी पडलेला नव्हता, तो वापरणाऱ्या पेशीच मरत होत्या. गिरणी बंद पडली असताना दळण वाढवून पीठ वाढत नाही. पुढे जी औषधे चालली ती डोनेपेझिलसारखी, बनलेले ॲसिटिलकोलीन मोडू न देणारी. तीही आजार थांबवत नाहीत, लक्षणे काही काळ सावरून धरतात.

सिटिकोलीनला मात्र थोडे वेगळे मोजावे लागते, नाहीतर आमच्याच वरच्या गणिताचा गैरवापर होईल. त्यातून कोलीन कमी मिळते हे खरे. पण आतड्यात ते कोलीन आणि सिटिडीन अशा दोन तुकड्यांत फुटते, सिटिडीनचे माणसाच्या शरीरात युरिडीन होते, आणि युरिडीन मेंदूत जाऊन पेशीपटल बांधायच्या कामी येते. म्हणून केवळ कोलीन मिळवायला सिटिकोलीन घेणे हा महागडा आणि उफराटा मार्ग आहे, आणि केवळ कोलीन कमी म्हणून त्याला नावे ठेवणेही बरोबर नाही. त्याची परीक्षा त्याच्या स्वतःच्या चाचण्यांवर व्हायला हवी. तशा दोन मोठ्या चाचण्या 2012 मध्ये प्रसिद्ध झाल्या. ताज्या पक्षाघाताच्या 2,298 रुग्णांना सहा आठवडे दिवसाला 2,000 मिग्रॅ सिटिकोलीन किंवा औषध नसलेली दिखाऊ गोळी दिली गेली. निकालात फरक पडला नाही. डोक्याला मार बसलेल्या 1,213 रुग्णांना तेवढीच मात्रा 90 दिवस दिली गेली, तिथेही नाही. पक्षाघातावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र पाहणारा 2020 चा कोक्रेन आढावाही याच सुरातला. दुसरीकडे 2021 मध्ये, वयानुसार विसराळूपणा वाढलेल्या 50 ते 85 वयाच्या 100 निरोगी लोकांत रोज 500 मिग्रॅ सिटिकोलीन 12 आठवडे दिल्यावर घडलेल्या गोष्टी आठवण्याच्या चाचणीत गट थोडा पुढे गेला. ही चाचणी लहान होती आणि उत्पादकाच्या पैशावर झाली होती. त्यामुळे ती खोटी ठरत नाही, पण तिच्या जोरावर विद्यार्थ्यांसाठी जाहिरात करता येत नाही एवढे नक्की. पंचविशीतल्या, नीट झोपलेल्या माणसाबद्दल ती काहीच सांगत नाही. तरुणांना एका वेळी 2 ते 2.5 ग्रॅम कोलीन बायटार्टरेट देऊन 2016 मध्ये स्मृती तपासली होती. काही लाभ दिसला नाही.

अल्फा-जीपीसीचा उत्तम पुरावा 2003 चा आहे. सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या 261 रुग्णांना 400 मिग्रॅ दिवसातून तीनदा, 180 दिवस. औषधाच्या गटाचे गुण सुधारले, दुसऱ्या गटाचे नाही. लक्षात घ्यायची बाब ही की हे निदान झालेले रुग्ण होते, मात्रा 1,200 मिग्रॅची होती आणि देखरेख वैद्यकीय होती. अनेक देशांत हाच पदार्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे आणि इतरत्र खुल्या विक्रीतले पूरक. एकाच रेणूचे असे दोन दर्जे असले की रुग्णांवरचा पुरावा गुपचूप निरोगी ग्राहकाच्या डबीवर येऊन बसतो.

तोट्यांबद्दलचा मजकूर बहुधा ‘क्वचित पोट बिघडू शकते’ एवढ्यावर आटोपतो. प्रकरण त्याहून मोठे आहे. लहान आतड्यात न शोषलेले कोलीन पुढे मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात, ज्याला कुजक्या मासळीचा वास असतो. यकृत त्याचे टीएमएओ (ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड) हे संयुग करते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मोठ्या मात्रेनंतर घामाला आणि श्वासाला मासळीचा वास येतो तो यामुळे. ज्यांच्या यकृतात हे रूपांतर जन्मतःच अपुरे असते त्यांनी कोलीनची पूरके घेऊच नयेत. टीएमएओ वाढणे आणि हृदयविकार यांचा संबंध 2011 पासून चर्चेत आहे. कारण कोणते आणि परिणाम कोणता हा वाद अजून मिटलेला नाही. पण 2017 च्या एका छोट्या प्रयोगात 18 निरोगी लोकांना दोन महिने रोज सुमारे 450 मिग्रॅ कोलीन मिळेल इतके बायटार्टरेट दिले, तेव्हा रक्तातले टीएमएओ दहापटीहून जास्त वाढले आणि रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) गुठळी करायला जास्त तयार झाल्या. 2021 मध्ये 82 जणांवर झालेला प्रयोग याहून बोलका आहे. चार आठवडे रोज चार अंडी खाणाऱ्यांचे टीएमएओ वाढले नाही, फॉस्फॅटिडिलकोलीनच्या कॅप्सूल घेणाऱ्यांचेही नाही. बायटार्टरेटच्या गोळ्या ज्या ज्या गटांत होत्या त्यांचेच वाढले. सगळ्यांची मूत्रपिंडे ठीक होती. तेव्हा कोलीन किती या प्रश्नाइतकाच ते कोणत्या रूपात हा प्रश्नही महत्त्वाचा. मूत्रपिंडाच्या रुग्णात टीएमएओ मुळातच साचलेले असते. त्याने बायटार्टरेट स्वतःच्या मनाने सुरू करणे आम्हाला अजिबात मान्य नाही.

अल्फा-जीपीसीबद्दल दक्षिण कोरियातून 2021 मध्ये आलेली आकडेवारीही वाचकांपर्यंत पोचायला हवी होती. पन्नाशीपुढच्या 1 कोटी 20 लाख लोकांच्या नोंदींत, अल्फा-जीपीसी घेणाऱ्यांत पुढच्या दहा वर्षांत पक्षाघाताचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा 46 टक्के जास्त आढळले. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, प्रयोग नाही. विसरायला होते म्हणून औषध सुरू झाले आणि तो विसर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या दुखण्याचाच पहिला इशारा होता, असेही असू शकते. म्हणून ‘अल्फा-जीपीसीने पक्षाघात होतो’ असा मथळा देऊ नये. पण रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाची अनियमित गती असलेल्या माणसाने ते वर्षानुवर्षे चालू ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारायला एवढी आकडेवारी पुरेशी आहे.

कमाल मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला 3,500 मिग्रॅ कोलीन अशी धरतात, 7.5 ग्रॅमच्या मात्रेला रक्तदाब उतरल्याचे दिसले, त्यावरून ती काढली आहे. हा आकडाही कोलीनचा, क्षाराचा नाही. पूरके घेणाऱ्यांपैकी फार कमी लोक तिथवर जातात. बहुतेकांच्या तक्रारी त्याआधीच सुरू होतात: डोके जड होणे, मळमळ, पातळ शौच, जास्त लाळ, घाम आणि झोप उडणे.

गोळ्यांच्या आपसातल्या झटापटीकडे मात्र कोणीच पाहत नाही, आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत मुद्द्याचे दुखणे अनेकदा तिथेच असते. सर्दी-खाजेसाठी आणि झोपेसाठी घेतले जाणारे डायफेनहायड्रामाइन, लघवी आवरण्यासाठीचे ऑक्सिब्युटिनिन, नसांच्या दुखण्यावरचे अमिट्रिप्टिलीन, हाताच्या कंपावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल ही सगळी ॲसिटिलकोलीनला अडवणारी औषधे आहेत. यांतली एक-दोन वर्षानुवर्षे चालू असतात, त्यांनी विसर वाढतो, आणि त्या विसरावर उपाय म्हणून कोलीनची कॅप्सूल येते. एक गोळी दार लावते, दुसरी ते ठोठावत बसते. अशा वेळी नवी डबी आणण्याआधी सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी आणि त्यातले काही बदलता किंवा कमी करता येईल का ते विचारावे. मनाने एकदम बंद करू नये. अमिट्रिप्टिलीनसारखे औषध हळूहळू उतरवावे लागते. उलट बाजूला, डोनेपेझिल किंवा त्याच जातीचे रिव्हास्टिग्मिन चालू असलेल्या रुग्णात कोलीनची भर घातली तर दोघांचा रोख एकच असतो. नाडी मंदावणे, चक्कर, जुलाब यांवर लक्ष ठेवावे लागते. लेव्होडोपा घेणाऱ्यात सिटिकोलीनने त्याचा परिणाम वाढू शकतो, तेव्हा मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असले पाहिजे.

त्याच भेटीत बी12 आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. बी12 ची कमतरता विसराळूपणा आणते, ती वेळेत सापडली तर भरून येते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती जास्त दिसते. झोपेतला घोरण्या-गुदमरण्याचा त्रास, ऐकू कमी येणे आणि नैराश्य हीही कारणे तपासण्यासारखी. यांतले एकही कोलीनने बरे होत नाही, पण डबी संपेपर्यंतचे तीन महिने मात्र त्यात निघून जातात.

हे सगळे पाहून झाल्यावरही कोणाला घेऊन बघायचेच असेल, तर निदान पद्धतशीर बघावे. आधी आहारातले कोलीन मोजावे. मोठे अंडे 147 मिग्रॅ, आणि ते जवळपास सगळे पिवळ्या बलकात, पांढऱ्यात नाममात्र. दुधाचा पेला साधारण 43, भाजलेले सोयाबीन अर्धा कप 107, शिजवलेला राजमा अर्धा कप 45, मोठा बटाटा सालासकट 57, 85 ग्रॅम कोंबडी 72, तेवढेच गाईचे यकृत (कलेजी) 356. अंडी आणि मांस न खाणाऱ्यांची बेरीज बहुधा कमी भरते; त्यांच्यासाठी सोयाबीन, दूध आणि कडधान्ये मुद्दाम वाढवणे हा पहिला उपाय, गोळी हा दुसरा. कमतरता भरायची असेल तर 150 ते 250 मिग्रॅ कोलीन पुष्कळ झाले. बायटार्टरेट घ्यायचे तर ते जेवणाबरोबर आणि दोन वेळा विभागून. एकदम मोठी मात्रा घेतली की न शोषलेला भाग जिवाणूंच्या वाट्याला जास्त जातो. सिटिकोलीन आणि अल्फा-जीपीसी सकाळी आणि दुपारी घ्यावे, संध्याकाळनंतर नको.

गुण येतो की नाही हे मोजण्यातही एक सापळा आहे. त्याच पंधरा शब्दांची यादी दर आठवड्याला पाठ करून बघितली तर गुण वाढणारच, सरावाने. चाचण्यांत दिखाऊ गोळी घेणारा गटही म्हणूनच सुधारतो. दर वेळी नवी यादी घ्यावी, सुरू करण्याआधी दोन आठवडे तीन-चारदा करून घ्यावी म्हणजे सरावाची वाढ संपते, मग 12 आठवडे घ्यावे आणि चार आठवडे बंद ठेवून पुन्हा मोजावे. बंद केल्यावरही गुण तेवढेच राहिले तर डबी पुन्हा आणण्याचे कारण उरत नाही. एका वेळी एकच पदार्थ. मेंदू तल्लख करायला म्हणून घेतले जाणारे पिरासिटाम हे औषध आणि कोलीन एकत्र घेण्याची टूम तरुणांत आहे. डोके दुखले की ‘कोलीन कमी पडले’ म्हणून ते वाढवतात, आणि कोलीननेही डोके दुखते हे विसरतात. डबी कोरड्या जागी, ओल शोषणाऱ्या पुडीसकट, घट्ट बंद ठेवावी. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, पावडरीचा गोळा झाला किंवा मासळीसारखा उग्र वास सुटला, तर टाकून द्यावी.

गर्भारपणाचा मुद्दा वेगळा आहे आणि तिथे आमची तक्रार उलटी आहे: जिथे कोलीनचा उल्लेख जोरात व्हायला हवा तिथेच तो होत नाही. गर्भाच्या वाढीला ते बरेच लागते, नाळेतून ते गर्भाकडे ओढले जाते. तरीही गर्भवतींच्या नेहमीच्या जीवनसत्त्वांच्या गोळीत कोलीन बहुधा नसते किंवा नावापुरते असते. याचे एक कारण अगदी साधे आहे. 450 मिग्रॅ कोलीन द्यायचे तर बायटार्टरेट सुमारे 1,100 मिग्रॅ लागते. लोह, कॅल्शियम आणि बाकी सगळ्यांबरोबर ते एका गोळीत मावत नाही. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेने 2017 मध्ये या गोळ्यांत कोलीन असावे अशी भूमिका घेतली. 2018 च्या एका प्रयोगात शेवटच्या तिमाहीत रोज 480 ऐवजी 930 मिग्रॅ कोलीन घेतलेल्या मातांच्या बाळांची प्रतिक्रिया पहिल्या वर्षभरात जास्त चपळ आढळली. माता फक्त 26 होत्या, म्हणून त्यावरून 930 चा नियम करता येत नाही; पण आहारातून निदान 450 ची बेरीज होते का एवढे तपासणे प्रत्येकीला जमण्यासारखे आहे, आणि होत नसेल तर प्रसूतितज्ज्ञांना विचारून वेगळी गोळी घेता येते.

संपादक महाशय, आपल्याकडे मागणे तीनच गोष्टींचे आहे. कोलीनच्या कुठल्याही गोळीबद्दल मजकूर किंवा जाहिरात छापताना संयुगाचे नाव, त्याची प्रत आणि त्यातून मिळणारे कोलीन मिलिग्रॅममध्ये, हे तिन्ही एकत्र द्यावे. एखाद्या अभ्यासाचा हवाला असेल तर तो रुग्णांवरचा की निरोगी लोकांवरचा, किती जणांवरचा आणि कोणाच्या पैशाने झालेला, हे त्याच परिच्छेदात यावे. आणि आहारातून कोलीन जास्त घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला अशी बातमी आली, तर तिच्याशेजारी गोळ्यांच्या बाटलीचे छायाचित्र लावू नये. फिनलंडमधल्या सुमारे अडीच हजार पुरुषांचा 2019 चा अभ्यास अशाच चित्रासोबत छापण्याचा मोह होतो. आहारातून फॉस्फॅटिडिलकोलीन सर्वांत जास्त घेणाऱ्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका 28 टक्के कमी आढळला हे त्यात खरेच आहे, पण ते फॉस्फॅटिडिलकोलीन मुख्यतः अंडी आणि मांस यांतून आलेले होते.

कळावे.
आपले,
औषधनिर्माणशास्त्र व आहारशास्त्राचे काही अभ्यासक